घरचा नियम व मुलांचें वळण
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांतील भाषण)



ख्रिस्ती घरांतील नियम व मुलांचें वळण या विषयावर आम्हां उभयतां पतिपत्नींस चार शब्द सांगण्याची आज्ञा झाली आहे. आम्ही पंडित नव्हों. तीन लेकरांचे आईबाप, एवढाच आमचा अधिकार. आणि तीं तिघेंहि आज समोर बसलीं असल्यामुळें फुशारकी मारण्याची सोय राहिलेली नाहीं.

आपलें जुहू पूर्वीं बेट होतें. पोर्तुगीज त्यास 'जुव्हें' म्हणत. साष्टीपासून तें खाडीच्या पाण्यानें तुटलेलें असे, आणि ओहोटी लागली म्हणजे लोक पायीं पलीकडे जात. भरतीपूर्वीं परतलें पाहिजे, या नियमाचें कारण लेकरांस समजावून सांगावें लागत नसेल. पाणी डोळ्यांदेखत चढत असे. शिवाय तें पाणी बापालाहि सवलत देत नसे. घरच्या नियमाचें खरें बळ आम्हांस येथेंच दिसतें.

पुढें बेट जमिनीस जोडलें गेलें, १९२८ सालीं विमानतळ झाला, माडांच्या जागीं इमारती उठल्या. तरी आमच्या आजीच्या पिढीपर्यंत संध्याकाळची आंजेलूसची घंटा झाली कीं वाळूंत खेळणारीं मुलें घरीं येत. मग तेर्स, मग वडिलांचा आशीर्वाद, मग जेवण. आज ती घंटा वाहनांच्या गोंगाटांत बुडते, बाप रात्रीं नऊला लोकलमधून उतरतो, आईचीहि नोकरी असते. जुना क्रम जसाच्या तसा परत आणूं, असें म्हणणें व्यर्थ आहे.

आम्हीं आरंभीं उत्साहानें भिंतीवर नियमांची यादी लाविली. सतरा कलमें होतीं! महिन्याभरांत तीं कोणास आठवेनात, आम्हांसहि नाहीं. त्यांतील चारच उरलीं. रात्रीचें जेवण एकत्र. ताटाजवळ मोबाईल नाहीं. झोंपण्यापूर्वीं तेर्साचा निदान एक दहाका आणि आशीर्वाद. व पावसाळ्यांत समुद्रांत पाऊल नाहीं. दुसरा नियम प्रथम कोणीं मोडला? बापानें. त्याचा फोन 'ऑफिसचा' म्हणून ताटाशेजारीं राहूं लागला. मुलें कांहीं बोललीं नाहींत. तिसर्‍या दिवशीं आपापले फोन घेऊन जेवावयास बसलीं.

चौथ्या नियमाची गोष्ट सांगावयास जड जाते. आमचा मधला मुलगा बारा वर्षांचा असतांना श्रावणांत मित्रांबरोबर पाण्यांत उतरला. लाटेनें त्यास आपटलें, घोटा मुरगळला. घरीं येऊन तो गप्प राहिला. दोन दिवस मोजे घालून, दांत ओठ खाऊन चालला. तिसर्‍या दिवशीं आईनें पाय पाहिला तों निळा पडलेला. कां सांगितलें नाहींस, असें विचारतां तो म्हणाला, "सांगितलें असतें तर पपांनीं मारलें असतें." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. त्यापूर्वीं लहानसहान कारणांवरून बापाचा हात त्याच्यावर पडला होता, आणि आईनेंहि "थांब, पपांना येऊं दे" असें म्हणून बापास घरचा शिपाई करून ठेविलें होतें. लाटेपेक्षां त्यास आमचें भय अधिक वाटलें. २०२३ च्या जूनांत बिपरजॉय वादळाच्या वेळीं याच जुहूच्या समुद्रांत मुलें बुडालीं, तेव्हां आम्हां दोघांस तो निळा पाय आठवला व आम्ही रात्रभर झोंपलों नाहीं. कोणा आईबापांस दोष देण्यासाठीं हें सांगत नाहीं. पाण्यांत पडलेल्या मुलानें प्रथम आम्हांस हांक मारावी, एवढीच आमची इच्छा आहे.

छडीच्या समर्थनार्थ नीतिसूत्रांचा आधार नेहमीं दिला जातो. परंतु संत पौलानें इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहितांना मुलांस आज्ञापालन सांगून लगेच बापांकडे तोंड वळविलें आहे, कीं लेकरांस चिडवूं नका, त्यांचा धीर खचवूं नका. हा दुसरा भाग आपण कां विसरतों कोण जाणे. संत जॉन बॉस्को यानें १८७७ सालीं आपली शिक्षणपद्धति लिहिली, तींत विवेक, धर्म व माया या तिहींवर सारा भर दिला; आणि त्यास सांभाळावयाचीं होतीं तीं मुलें आपल्या मुलांहून कितीतरी दांडगीं होतीं. पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रांत, चुकलेल्या मुलाला क्षमा मागावयास व झालेली हानि भरून देण्यास शिकवावें असें सांगितलें आहे. शाळेंतील छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदच झाली. घरांत मात्र आपला हात आपणच अडवावा लागतो.

म्हणून शिक्षा नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. लाडानें बिघडलेलीं मुलेंहि आम्हीं पाहिलीं आहेत. आतां आम्ही प्रथम विचारतों, मग ठरवितों, आणि राग असेल तर ठरविणें सकाळवर टाकतों. शेजार्‍यांची कुंडी फोडली तर ती स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणून द्यावयाची, माफी मागावयाची, व विषय तेथेंच संपवावयाचा. पाहुण्यांपुढें तो पुन्हां उकरावयाचा नाहीं. आईबापांचा शब्द एक असावा, हें सांगणें सोपें आहे. मुलीनें सातला घरीं यावें व मुलग्यांनीं नऊला, असें बापाचें मत होतें. आईस तें अन्यायाचें वाटे. सहा महिने वाद चालला. शेवटीं सर्वांस साडेआठ ठरले, बापासहि शक्य त्या दिवशीं.

निळ्या पायाच्या त्या रात्रीं तेर्स झाल्यावर मुलगा एका पायावर उड्या मारीत आशीर्वादास आला. बापानें त्याच्या डोक्यावर हात ठेविला. क्षमा मागावयाची होती, पण शब्द फुटेना. ती दुसर्‍या दिवशीं हाडवैद्याकडे जातांना रिक्षांत मागितली. मुलगा लाजून बाहेर पाहूं लागला आणि म्हणाला, "पपा, येतांना वडापाव घेऊं या."