मधू दंडवते : घरच्या माणसाचे जाणे
(नाटे, तालुका राजापूर येथील स्मरणसभेतील भाषण)



नात्यागोत्याचा धागाही नसलेला एखादा माणूस जातो आणि घरचाच कोणी गेला असे वाटते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी प्राध्यापक मधू दंडवते यांचे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात कर्करोगाने निधन झाले. त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. राजापूर मतदारसंघाने त्यांना पाच वेळा लोकसभेत पाठविले होते. परंतु येथील माणसांच्या मनातले दुःख मतदाराचे नव्हते. ते घरच्या स्नेह्याचे दुःख होते. असा जिव्हाळा कशातून निर्माण झाला आणि अशा माणसाचा शोक कसा करावा, याचा विचार आजच्या दिवशी उचित ठरेल.

वस्तुतः दंडवते कोकणचे नव्हेत. त्यांचा जन्म १९२४ सालचा, त्या वेळच्या अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता. १८ जानेवारी १९७१ रोजी बॅरिस्टर नाथ पै अवघ्या ४८ व्या वर्षी अकाली गेले आणि राजापूर मतदारसंघ पोरका झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच सार्वत्रिक निवडणूक आली. देशभर इंदिरा गांधींची लाट होती. प्रजा समाजवादी पक्षाच्या वाट्याला उभ्या देशात दोनच जागा आल्या, त्यांतली एक राजापूरची. शोकात बुडालेल्या घरात बाहेरून येणाऱ्याने गेलेल्या माणसाची जागा बळकावायची नसते. घरच्यांच्या खांद्यावरचे ओझे थोडे आपल्या खांद्यावर घ्यायचे असते. दंडवत्यांनी नेमके तेच केले. नाथ पै यांचा वारसा ते सांगत राहिले आणि १९९१ पर्यंत वीस वर्षे या मातीचे होऊन राहिले.

राजकारणात सौजन्य हा दुबळेपणा मानण्याची रीत आहे. समोर आलेल्याशी चार गोड शब्द बोलणे एवढाच त्याचा अर्थ केला, तर ती समजूत खरीही ठरेल. दंडवत्यांचे सौजन्य निर्णयांत उतरले होते. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याच्या. पतिपत्नींची भेट पत्रांतूनच होई. त्या दिवसांतून बाहेर पडलेला हा माणूस १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाला. परंतु सूडाची भाषा त्यांच्या तोंडी आली नाही. १९७४ च्या संपात ज्या रेल्वे कामगारांची नोकरी गेली होती, त्यांना जनता सरकारच्या काळात परत कामावर घेण्यात आले. एका कामगाराची नोकरी परत येते तेव्हा एका घरची चूल पुन्हा नियमित पेटू लागते.

त्याच काळात दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची मऊ गादी आली. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेल्या गीतांजली एक्स्प्रेसला वर्गच नव्हते. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलावे, ही त्यांची भूमिका होती. दोन इंच म्हणजे काय, हे रात्रभर लाकडी फळीवर अंग टाकून पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हातारीची दुखरी कंबर, बाळंतिणीचा थकलेला देह, आजाऱ्याची झिजलेली हाडे यांना ते समजते. समाजवादाची व्याख्या ग्रंथांतून पुष्कळ झाली आहे. ही व्याख्या देशातल्या कोट्यवधी अडाणी प्रवाशांनाही वाचता आली.

कोकणच्या माणसाला मात्र तेव्हा रेल्वेच नव्हती. एकेकाळी येथून जवळच्या मुसाकाजी बंदरात मुंबईची बोट लागे. तीही पुढे बंद झाली आणि चाकरमान्याच्या नशिबी एस.टी.चे घाट राहिले. कोकण रेल्वेसाठी नाथ पै यांच्यानंतर दंडवत्यांनी संसदेत सातत्याने आवाज उठविला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधीच, १९९१ मध्ये, याच मतदारसंघाने त्यांचा पराभव केला होता. तरीही त्यांचा कोकणावरील लोभ आटला नाही. खऱ्या स्नेह्याची ओळख अशाच वेळी पटते.

२००१ च्या अखेरीस प्रमिलाताई गेल्या. आयुष्याचा आणि चळवळीचाही जोडीदार गेल्यानंतरची चार वर्षे दंडवत्यांनी काढली आणि शेवटी कर्करोगाने त्यांना गाठले. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेनुसार देह जे.जे. रुग्णालयाला देण्यात आला. चिता नाही, अस्थी नाहीत, समाधी नाही. जन्मभर शिकविणाऱ्या प्राध्यापकाने अखेरचा पाठ वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना दिला. ज्यांना अंत्यदर्शन घडले नाही, त्यांच्या मनाला हुरहूर लागली असेल. परंतु शोकाला जागा लागतेच असे नाही, त्याला काम लागते.

ते काम शोधायला दूर जावे लागत नाही. कोकणातल्या घरात कर्करोग शिरला म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा नसतो. ‘मुंबईला सोबत कोण जाणार?’ हा असतो. किरणोपचार एका फेरीत संपत नाहीत. आठवड्यातले पाच दिवस, असे अनेक आठवडे ते चालतात. १९४१ पासून परळचे टाटा रुग्णालय गोरगरिबांचा आधार झाले आहे. पण रुग्णालयाच्या दारात उतरल्यावर रात्री पाठ कोठे टेकायची? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी ती सोय होते. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या रुग्णालयातही कर्करोगावर उपचार मिळतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे. रुग्णाला शयनयानात तर भाडेच पडत नाही. परंतु या गोष्टी ज्याला कळायला हव्यात त्याला त्या वेळेवर कळत नाहीत. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडातला न भरणारा व्रण घरात लपविला जातो आणि निदान व्हायच्या आत रोग पुढे निघून जातो.

म्हणून दंडवत्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वाडीत एवढे करावे : तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली की त्या माणसाला दवाखान्यात न्यावे, रोग निघालाच तर सवलतीचे कागद करून द्यावेत, आणि ज्याला कोणी नाही त्याच्याबरोबर राजापूर रोडला गाडीत बसावे. त्यात पक्ष पाहू नये, मत पाहू नये, धर्म तर पाहूच नये. आजाऱ्याला उपदेश नको असतो. शेजारी बसलेले माणूस हवे असते.

दंडवते राजापूर मतदारसंघाच्या सोबतीला वीस वर्षे संसदेत बसले. आता राजापूर नावाचा तो लोकसभा मतदारसंघही राहिलेला नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो नकाशावरून गेला. परंतु नाट्यातला एखादा आजारी खलाशी किंवा मासळी विकणारी एखादी बाई मुंबईच्या गाडीत एकटी बसणार नाही, एवढे पाहणे येथील कार्यकर्त्यांच्या हाती आहे. ते करावे, शोक त्यातच पोचेल.