थारसाठी कॉम्प्रेसर घेताय? आधी मिनिटं मोजा

मी ऊर्जानगरमधून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. मे महिन्यात चंद्रपुरात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायची हिंमत माझ्यात नाही.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आला. बऱ्याच जणांनी विचारलंय, "भाऊ, फोर-बाय-फोर घेतली, आता हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घ्यायचाय. दीड हजारवाला घेऊ की सहा हजारवाला?" कुठलं मॉडेल घ्या ते मी सांगणार नाही. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. कसं निवडायचं ते सांगतो. आणि हे शहाणपण मला कसं आलं तेही सांगतो, कारण ते फुकट आलेलं नाही.

आधी आपल्याकडे याची गरज का, ते बघू. आपल्या दोन जिल्ह्यांत रस्त्यांचे सगळे प्रकार आहेत. इकडे कोळशाचे ट्रक, तिकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. डांबर उखडलं की खाली टोकदार गिट्टी. शेताकडे वळलात की बाभळीचे काटे. पावसाळ्यात काळी माती, उन्हाळ्यात नदीच्या पात्रातली रेती. रेतीत किंवा चिखलात गाडी रुतू नये म्हणून टायरची हवा कमी करतात. हवा कमी केली की टायर पसरतं, जमिनीला जास्त टेकतं, गाडीचं वजन वाटलं जातं. ३० पीएसआयची हवा २० वर आणली तरी फरक कळतो. पण पुन्हा डांबरावर आल्यावर तीच गाडी तशीच ऐंशीने पळवली तर टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटू शकते. म्हणजे हवा सोडली की परत भरायची सोय पाहिजेच. आणि पंक्चर काय, ते तर सांगून येत नाही.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षीचा मे महिना. मी आणि माझा मामेभाऊ, आमची जुनी थार घेऊन भामरागडला निघालो. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आलापल्लीला चहा घेतला. पुढे जंगल दाट होतं आणि मोबाईलची रेंज पातळ. पेरमिली मागे पडली आणि थोड्या वेळाने मागचं डावं टायर बसलं. उतरून बघतो तर टायरच्या बाजूला दगडाने चीर पाडलेली. बाजूची चीर म्हणजे रबराची पट्टी टोचून काम भागत नाही. टायरच बदलावं लागतं.

काही हरकत नाही, स्टेपनी आहे ना! जॅक लावला, स्टेपनी चढवली, गाडी खाली घेतली, आणि स्टेपनी पण बसली. मोजलं तर १० पीएसआय. सहा-आठ महिन्यांत मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. दार मागे लटकतंय, त्यावर स्टेपनी लटकतेय, रोज दिसतेय, पण हवा कोण बघतो?

तरी मी निवांत होतो. कारण माझ्याकडे कॉम्प्रेसर होता! ऑनलाईन सेलमध्ये घेतलेला. डब्यावर मोठ्या अक्षरात १५० पीएसआय. मी मामेभावाला ऐटीत म्हटलं, "आपल्याला ३० पाहिजे, हा १५० देतो. पाच पट." सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावला, सुरू केला. घर्रर्र आवाज एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आकडा मात्र मुंगीच्या पावलाने. १०... ११... १२. त्यात आमचा शहाणपणा बघा. त्याच सॉकेटला दुहेरी अडॅप्टर लावून मामेभावाचा फोनही चार्जिंगला होता. आकडा १६ वर आला आणि सगळं शांत. सॉकेटचा फ्यूज उडाला. जास्तीचा फ्यूज आमच्याकडे नव्हता.

सूर्य खाली गेलेला. एक मोटरसायकलवाले काका थांबले. "का झालं जी?" मी सांगितलं. त्यांनी टायरला पायाने दाबून बघितलं, "थांबा" म्हणाले आणि निघून गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी परत आले ते पायाने मारायचा पंप घेऊन. मग आम्ही दोघं आळीपाळीने पंप मारत बसलो. दीडशेपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. २६ पीएसआय झाले तेव्हा अंधार पडला होता. पैसे द्यायला गेलो तर काकांनी हात मागे घेतला. गाडीकडे बघत एवढंच म्हणाले, "येवढी मोठी गाडी जी, अन् पंप नाही?"

मंडळी, ते वाक्य मला अजून टोचतं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा आमचे इथल्या औष्णिक वीज केंद्रातून रिटायर झालेले. २९२० मेगावॅटचं केंद्र, तिथे हवेचे कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात, कारण कितीतरी व्हॉल्व्ह दाबाच्या हवेवरच उघडतात आणि बंद होतात. बाबांनी माझा कॉम्प्रेसर हातात घेतला, चष्मा लावला, उलटा केला आणि खालचं बारीक स्टिकर वाचून दाखवलं. "सलग ८ मिनिटं चालवा, मग १५ मिनिटं बंद ठेवा." मग म्हणाले, "मशीन किती जोर लावते ते तू वाचलंस. किती वेळ लावते ते वाचलंच नाहीस."

इथून पुढे लक्ष द्या, कारण मुद्दा हाच आहे. १५० पीएसआय हा आकडा आपल्या कामाचाच नाही. तो फक्त सांगतो की मशीन जास्तीत जास्त किती दाबापर्यंत ढकलू शकते. सायकलचा पंपसुद्धा चांगला दाब देतो. आपल्याला विचारायचंय ते असं, की एका मिनिटात किती लिटर हवा आत जाते?

छोटा हिशोब करू. माझ्या थारचं टायर २३५/७० आर १६. त्याच्या आत अंदाजे ६० लिटर जागा. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय. म्हणजे टायरमध्ये १० पीएसआय वाढवायचे तर साधारण ४० लिटर हवा कोंबावी लागते. चार टायर म्हणजे १६० लिटर. आता मशीन मिनिटाला खरोखर ८ लिटर देत असेल तर २० मिनिटं लागतील, तेही न थांबता. पण ती तर ८ मिनिटांनी थांबणार! मध्ये थंड व्हायचा वेळ धरा, झाली पन्नास मिनिटं. तेच मशीन मिनिटाला ४० लिटर देत असेल तर चार मिनिटांत काम खलास. टायर मोठं असेल तर हिशोब अजून वाढतो.

आता यात एक गोम आहे. डब्यावर '३५ लिटर प्रति मिनिट' लिहिलेलं असतं ना, तो आकडा बहुतेक वेळा मोकळ्या नळीचा असतो. समोर टायरचा दाब आला की हवा कमी जाते. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "माझ्या साईजचं टायर २० वरून ३० ला न्यायला किती मिनिटं?" उत्तर नसेल तर त्याच मॉडेलचा व्हिडिओ शोधा, ज्यात कोणी तुमच्याएवढ्या टायरवर घड्याळ लावून दाखवलंय. स्वतः विकत घेतला असेल तर घरी, अंगणात, आजच लावून बघा. जंगलात पहिल्यांदा डबा फोडू नका.

दुसरी गोष्ट, वीज कुठून घेणार? बहुतेक गाड्यांच्या सॉकेटला १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. १२ व्होल्ट गुणिले १५ म्हणजे १८० वॉट. संपलं, त्यापेक्षा जास्त त्या सॉकेटमधून मिळणार नाही. म्हणून सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर कितीही महाग घेतला तरी त्याला मर्यादा आहे. दमदार कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडतात. आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा गाडीच्या उघड्या लोखंडी भागाला. काढताना उलट. इंजिन सुरू ठेवा, नाहीतर हवा भरेल आणि बॅटरी बसेल. पण इंजिन सुरू ठेवायचं ते उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये नाही.

आणि ते बॅटरीवाले, हातात मावणारे? छान आहेत. शहरात आठवड्याला दोन-तीन पीएसआय वाढवायला एकदम मस्त. पण चारही मोठी टायरं एका चार्जिंगमध्ये होतील का ते तपासा. आणि चंद्रपूरच्या उन्हात, ४५ च्या वर पारा असताना, बंद गाडीत डॅशबोर्डवर लिथियमची बॅटरी ठेवू नका. ती तापणं चांगलं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नळी. नळी आणि वायर मिळून मागच्या टायरपर्यंत पोचली पाहिजे, आणि स्टेपनीपर्यंतही. हव्या त्या आकड्यावर आपोआप बंद होणारा घ्या. त्याचं कारण आळस नाही. कारण आहे आपलं जंगल.

ऊर्जानगरवाल्यांना हे सांगायला नको. २०२२ च्या फेब्रुवारीत लागोपाठ वाघाने वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराला आणि बिबट्याने जवळच दुर्गापुरात एका मुलाला मारलं. ताडोबा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. आता विचार करा. संध्याकाळची वेळ, तुम्ही टायरपाशी गुडघ्यावर बसलेले, पाठ झाडीकडे, आणि कानाशी घर्रर्र. मागे कोण आलं ते ऐकू येईल का? मोहर्लीच्या रस्त्यावर वीस मिनिटं असं बसणं आणि चार मिनिटं उभं राहून गाडीत परत शिरणं, यात फार मोठा फरक आहे. आपण कॉम्प्रेसरचे पैसे देतो ते या सोळा मिनिटांचे.

म्हणून नियम करा. हवा कमी वाटली आणि टायर अगदीच बसलं नसेल, तर हळूहळू चालवत गाव, नाका, ढाबा, जे पहिलं उजेडाचं ठिकाण येईल तिथे थांबा. थांबावंच लागलं तर एकाने टायर बघायचं, दुसऱ्याने आजूबाजूला. एक अजून. जंगलात आडवाटेला गाडी घालणं हा छंद नाही, वनविभागाच्या परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. आपली फोर-बाय-फोर शेताच्या, गावाच्या वाटेसाठी.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. पहाटे २८ डिग्रीला ३० पीएसआय भरली तर दुपारी ४५ डिग्रीला तीच हवा नुसत्या उन्हाने साडेबत्तीसच्या आसपास दाखवेल. गाडी पळाली की अजून थोडी जास्त. ते बघून घाबरून हवा सोडू नका, रात्री कमी पडेल. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आणि कॉम्प्रेसरच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास नको. वेगळा प्रेशर गेज एक ठेवाच.

मग मी शेवटी काय घेतलं? बॅटरीला जोडायचा, धातूच्या सिलिंडरचा. घरी घड्याळ लावून बघितलं. २० वरून ३०, एक टायर, सव्वा मिनिट. सोबत पंक्चर किट, गेज, डोक्याला लावायची बॅटरी आणि चार जास्तीचे फ्यूज. फक्त शहरात आणि हायवेवर फिरत असाल तर एवढं लागत नाही, सॉकेटवाला चांगला कॉम्प्रेसर पुरतो. पण आलापल्लीच्या पुढे जात असाल तर पैसे वाचवायची जागा ही नाही.

आणि हो, बाबांनी त्यात एक वस्तू वाढवली. केंद्रात ते म्हणायचे, एक मशीन चालू, एक तयार. म्हणून थारच्या मागच्या सीटखाली आता पायाने मारायचा एक पंपही आहे. साडेपाचशे रुपयांचा. त्याला फ्यूज नाही, चार्जिंग नाही. पुढच्या वेळी पेरमिलीच्या रस्त्यावर कोणी टायर बसून उभा दिसला, तर थांबून "का झालं जी?" विचारायची पाळी माझी आहे.

आता एक काम करा. हा एपिसोड संपला की खाली जा आणि स्टेपनीची हवा बघा. किती निघाली ते मला व्हॉइस नोटवर सांगा. खरं खरं सांगा, माझी १० होती. भेटू पुढच्या आठवड्यात. सांभाळून चालवा!