बेनमोरची रेडवुडची वाट

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात, डनून गावापासून उत्तरेला सुमारे सात मैलांवर बेनमोर ही जुनी इस्टेट आहे. तिच्या प्रवेशमार्गाच्या दुतर्फा जायंट रेडवुडची ४९ झाडे उभी आहेत. १८६३ साली लावलेली ही झाडे आज पन्नास मीटरांहून उंच झाली आहेत.

हा वृक्ष मूळचा कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरचा. निसर्गतः तो जगात अन्यत्र कुठेही उगवत नाही. १८५३ मध्ये जॉन मॅथ्यू यांच्यामार्फत त्याचे बी स्कॉटलंडला पोहोचले. त्याच वर्षाअखेरीस विल्यम लॉब हे एक्झिटरच्या व्हीच रोपवाटिकेसाठी कॅलावेरासच्या वनातून बिया घेऊन आले. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी त्याला आदल्या वर्षी निवर्तलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचे नाव दिले आणि श्रीमंत जमीनदारांमध्ये ही रोपे लावण्याची हौस पसरली.

बेनमोर १८६२ मध्ये पायर्स पॅट्रिक या अमेरिकी गृहस्थाने विकत घेतले आणि दुसऱ्याच वर्षी ही रांग लावली. निवड धाडसाची होती. ब्रिटनमध्ये या जातीचे मोठे झाड तेव्हा कोणी पाहिलेलेच नव्हते, कारण सर्वांत जुने रोपही जेमतेम दहा वर्षांचे होते. त्यातून बेनमोरला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सिएरा नेवाडातील उन्हाळा कोरडा असतो. झाडांना मात्र ही ओल मानवली. पॅट्रिक यांच्या हातून इस्टेट १८७० मध्ये साखर कारखानदार जेम्स डंकन यांच्याकडे गेली. त्यांनी आसपासच्या डोंगरांवर साठ लाखांहून अधिक झाडे लावली. पुढे ती यंगर या बिअर उत्पादक घराण्याकडे आली. १९२५ मध्ये या घराण्याने ती राष्ट्राला अर्पण केली. आज एडिंबरोचे रॉयल बोटॅनिक गार्डन तिची निगा राखते.

या झाडाची साल जवळून पाहण्यासारखी आहे. ती तांबूस, धागेदार आणि इतकी मऊ असते की अंगठ्याने दाबली तर दबते. ब्रिटनमध्ये ट्रीक्रीपर हा चिमुकला पक्षी तिच्यात अंगापुरता खळगा करतो आणि थंडीच्या रात्री त्यात बसून काढतो. मायदेशी मात्र या सालीचे काम आगीपासून बचावाचे. जुन्या वृक्षांच्या बुंध्याशी ती अर्ध्या मीटरपर्यंत जाड होते आणि आतल्या जिवंत थराला झळ लागू देत नाही. तरीही २०२० च्या कॅसल वणव्यात जगातील मोठ्या रेडवुडपैकी किमान दहावा हिस्सा नष्ट झाल्याचा अंदाज आहे. हा आकडा पाहिला की परदेशी लावलेल्या प्रत्येक निरोगी झाडाचे मोल वाढते.

वयाच्या हिशेबात बेनमोरची झाडे अजून पोरवयातच आहेत. कॅलिफोर्नियातील काही वृक्ष तीन हजार वर्षांहून अधिक जगल्याचे खोडातील वलयांवरून सिद्ध झाले आहे. जनरल शर्मन हा प्रख्यात वृक्ष ८३ मीटरांहून उंच आहे. बेनमोरच्या झाडांनी त्या उंचीचा अर्ध्याहून अधिक पल्ला दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या आतच गाठला.

त्यांचा वंश तिथे आपोआप वाढणे मात्र अवघड आहे. रेडवुडचे हिरवे शंकू वीसवीस वर्षे मिटलेले राहू शकतात. वणव्याच्या उष्णतेने ते वाळून उघडतात आणि ओटच्या चुऱ्याएवढे बी राखेखालच्या मोकळ्या मातीत रुजते. बेनमोरच्या ओल्या, शेवाळलेल्या जमिनीवर ना वणवा पेटतो, ना अशी उघडी माती मिळते. त्यामुळे रांगेतले एखादे झाड पडले, तर त्याच्या जागी रोपवाटिकेत वाढवलेले रोपच लावावे लागते.