कागद आधी आत जातो
(गडमुडशिंगी इथल्या तरुणांपुढचं भाषण)



गोकुळ शिरगावची एमआयडीसी इथनं सायकलच्या अंतरावर. पण गेटातनं आधी तुमचा बायोडाटा आत जातो, तुम्ही मागनं. झेरॉक्सवाल्याकडचा तयार नमुना बघा : नाव, धर्म, जात, वडिलांचा धंदा, छंद क्रिकेट. आणि काम? तळाला, एका ओळीत. उलटा करा तो कागद. 'मेहनती आहे' असं कुणीबी लिवतंय. 'आयटीआय टर्नर, दोन वर्षं सीएनसी लेथवर, ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटरनं माप घेतो' असं लिवा. फौंड्रीत मोल्डिंगला राबला असाल तर तेही. तो अनुभव आहे, लाज नव्हे.

जातीचा रकाना? 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात मागासलेल्यांना 50 टक्के जागा राखल्या. सरकारी अर्जात तो रकाना हक्काचा, दाखल्यासकट भरा. खासगी कारखान्यात राखीव जागाच नाहीत. तिथं ती नुसती चाळण. खोडा.

राहिलं आडनाव. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास छापून आला. खासगी कंपन्यांना सारख्या लायकीचे अर्ज धाडले, फरक फक्त नावाचा. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाली.

म्हणून काहीजण आडनाव बदलून लिवत्यात. नका बदलू. दाखल्यावर एक, अर्जावर दुसरं, म्हणजे कागदपत्रं तपासतानाच अडकाल. आणि बापाचं नाव लपवायचं का म्हणून? त्यापेक्षा वही घाला. कुठं अर्ज टाकला, कधी टाकला, उत्तर आलं का. चौघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कोण कुणाला बोलवत नाही ते आपोआप दिसंल.