साल छापावं की नाही?

ईशान्य फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात द्राक्षं पिकवायची म्हणजे हवामानाशी दरवर्षी नवं भांडण. त्यावर तिथल्या लोकांनी एक उपाय शोधला. चांगल्या वर्षाची थोडी वाइन राखून ठेवायची आणि पुढच्या वर्षांच्या वाइनमध्ये मिसळायची. अशा मिश्रणाच्या बाटलीवर साल नसतं. एकाच वर्षाच्या द्राक्षांची शॅम्पेन असेल तरच साल छापतात, आणि ती किमान तीन वर्षं मुरल्याशिवाय बाजारात येत नाही. छापायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण एकदा छापलं, की त्या वर्षाचं बरंवाईट आपल्या नावावर आलं.

२००३ साली हा निर्णय फार अवघड झाला. एप्रिलमध्ये वेलींचे डोळे नुकते फुटले होते. तेवढ्यात पारा शून्याखाली उतरला आणि कोवळी फूट जळाली. जवळपास निम्मं पीक हातचं गेलं. शार्दोने ही पांढरी द्राक्षं लवकर फुटतात, म्हणून त्यांना सगळ्यांत मोठा फटका बसला. ऑगस्टमध्ये युरोपभर उष्णतेची लाट आली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली. एरवी सप्टेंबरात होणारी तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. १८२२ नंतर ती इतक्या लवकर कधी झाली नव्हती. मण्यांत साखर भरपूर, आंबटपणा मात्र उतरलेला. आणि शॅम्पेन वर्षानुवर्षं टिकते ती मुख्यतः आंबटपणाच्या जोरावर!

अनेकांनी त्या वर्षी साल छापलंच नाही. बोलँजे या शॅम्पेन बनवणाऱ्या घराण्यानं वाइन काढली, पण तिला आपलं मानाचं ‘ग्रांद आने’ हे नाव दिलं नाही. दों पेरिन्यों या शॅम्पेनचे तेव्हाचे मुख्य वाइनकार रिशार जोफ्रवा यांनी मात्र साल जाहीर केलं. त्यांची भिस्त पिनो न्वार या काळ्या द्राक्षावर होती. आंबटपणा कमी असला, तरी या द्राक्षाचा भरीवपणा आणि किंचित कडवट तुरटपणा वाइनला सावरेल, असा त्यांचा होरा होता. क्रुग या घराण्यानं तर २००३ची बाटली २०१४ मध्ये काढली आणि २००२ची त्यानंतर. थोरलीच्या आधी धाकटीचं लग्न लावावं तसं! पण धाकटी खरोखरच आधी तयार झाली होती.

अशी वाइन चाखायची तर बर्फगार करू नये. दहा-बारा अंशांवर, जरा पसरट पेल्यात घ्यावी. निमुळत्या पेल्यात बुडबुडे छान दिसतात, पण वास कोंडतो. थंड वर्षाची शॅम्पेन जिभेवर लिंबासारखी झणकन लागते. २००३ची तशी लागत नाही. पिकलेला पीच, मध, सुकामेवा अशी तिची चव असते, आणि शेवटी तो कडवटपणा रेंगाळतो.

साठवणीचे नियम साधे आहेत: अंधार, गारवा आणि तापमानात चढउतार नको. प्रांतातल्या रांस शहराखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत. तिथं बारा महिने दहा-बारा अंशच तापमान असतं, म्हणून त्यांची शॅम्पेनची कोठारं झाली. त्यांना २०१५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण वाइन किती टिकते यात मुख्य फरक बाटलीत साचलेल्या यीस्टच्या गाळानं पडतो. गाळ बाटलीत असेपर्यंत तो वाइनला जपतो. तो काढून नवं बूच बसवलं, की वय भरभर चढू लागतं. म्हणून अवघड वर्षाची बाटली घेताना सालाइतकीच गाळ कधी काढला याचीही चौकशी करावी, आणि नुसत्या सालाच्या कौतुकापायी ती कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नये.

२००३ हा अपवाद आहे, असं तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर २००७, २०११, २०१८, २०२० अशा कितीतरी वर्षी तोडणी ऑगस्टमध्ये सुरू झाली. ज्यांनी २००३ साली हात आखडता न घेता वाइन केली, त्यांना कमी आंबटपणाच्या द्राक्षांशी कसं वागायचं याचा धडा इतरांच्या आधी मिळाला. आता तो धडा साऱ्या प्रांताला गिरवावा लागतो आहे.