आकाशात काय दिसलं?



‘आवडीच्या विषयावर पाच मिनिटं बोल,’ अशी संयोजकांची आज्ञा आहे. मी विज्ञान शिकवतो आणि वर्गात मुलं हमखास विचारतात ते उडत्या तबकड्यांबद्दल. तेव्हा त्यावरच बोलतो.

२४ जून १९४७ रोजी अमेरिकेत माउंट रेनियर पर्वताजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असा खुलासा त्याने पुढे केला. पण वर्तमानपत्रांनी ‘उडती बशी’ असं नाव दिलं आणि मग लोकांना आकाशात बशाच दिसू लागल्या!

३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत झोंड-४ मोहिमेचे अवशेष जळत अमेरिकेवरून गेले. ते सुटे तुकडे होते. पण काही साक्षीदारांनी खिडक्यांचं लांबट यान पाहिल्याचं कळवलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. अंधारात चालत्या ठिपक्यांभोवती आपलं मनच आकार काढतं.

आता आपल्याकडचं. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या अनेकांनी जळत जाणारी रांग पाहिली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी परग्रहावरचं यान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. परिसरात धातूचे गोळेही सापडले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग पडताळून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१ मधल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा भाग असावा.

म्हणजे हा विषय नुसत्या गमतीचा नाही. अशा टाक्यांत कधी विषारी इंधन उरलेलं असू शकतं. वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवायचं, हे गावातल्या पोरांना माहीत हवं.

मित्रांनो, आपल्यातले बरेचजण आता आजी-आजोबा झालेत. नातवंड धावत येऊन ‘आकाशात काहीतरी दिसलं’ म्हणालं, तर हसू नका आणि लगेच नावही देऊ नका. विचारा: किती वाजता? कोणत्या दिशेला? किती वेळ? उल्का काही सेकंदांत विझते. रॉकेटचे अवशेष मिनिटभरही जळताना दिसतात. स्टारलिंकचे उपग्रह एका ओळीत शांतपणे जातात. शुक्र जागचा फारसा हलत नाही.

एवढं करूनही काही नोंदी उरतातच. अमेरिकन हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मध्ये १२,६१८ पैकी ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा: ओळख पटली नाही. मुलांना हे वाक्य न लाजता म्हणता आलं, तर आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या तासाचं चीज झालं.