पंपाची पाती मोजून घ्या

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हाच इंजिनचा खाऱ्या पाण्याचा पंप उघडून घ्या.

गेल्या हंगामात आमच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात तापलं. पंपातल्या रबरी इम्पेलरची दोन पाती तुटली होती. नवा इम्पेलर बसवला, तरी इंजिन तापतच राहिलं. तुटलेले तुकडे पुढे कूलरच्या नळ्यांत अडकले होते! म्हणून पाती मोजा. एक जरी कमी भरलं, तरी तुकडा शोधूनच काढा. गाळणी धुवा. कूलरमध्ये जस्ताची कांडी असेल, तर अर्धी झिजली की बदला. ती झिजते म्हणून कूलर टिकतो.

हंगामात इंजिन सुरू होताच बाहेर पडणारी पाण्याची धार बघायला घरच्यांना सांगा. धार बारीक झाली, तर इंजिन बंद करून आधी गाळणी आणि पंप बघायचा. एक जादा इम्पेलर बोटीत असू द्या. आपली माणसं त्या बोटीवर असतात.